सेमीच्या आयांसाठी शब्दांची यादी करताना

पोरगं सेमीला गेलं की घरात सगळ्यात आधी अडते ती आई. मार्चपर्यंत गणिताचा अभ्यास तीच घेत असते, आणि जूनमध्ये नवं पुस्तक उघडावं तर तिला येत असलेलंच गणित इंग्रजीत छापलेलं. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्यांसाठी सांगते: सेमी म्हणजे शाळा मराठी माध्यमाचीच, इतिहास-भूगोल मराठीतच, फक्त गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. कुठे पहिलीपासून, कुठे पाचवीपासून, कुठे आठवीपासून. इंग्रजी शाळेची फी झेपत नाही आणि मुलाचं विज्ञान तर इंग्रजीत व्हायला हवं, म्हणून आईबापांना हा मधला रस्ता बरा वाटतो. त्या रस्त्यावर आईचं काय होतं ते प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही.

मी कराडची. मराठी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. आमच्या भागातल्या वाचनालयाची मागची खोली संध्याकाळी रिकामी असते, तिथे अशा काही जणी जमू लागल्या. कोणी शिवणकाम करणारी, कोणी दूध संकलन केंद्रावर बसणारी, एक बी.कॉम. झालेली, एक सातवीत शाळा सुटलेली. बहुतेकींच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून इंग्रजी आपल्याकडे २००० साली आलं, तोवर यांच्यातल्या बऱ्याचजणी वरच्या वर्गात गेल्या होत्या. त्यांची मागणी नेमकी होती. "बाई, बोलायचं इंग्लिश ऱ्हाऊ द्या. पोराच्या पुस्तकातले शब्द तेवढे सांगा, आणि ते म्हणायचे कसे ते सांगा. पोरगं माझ्या उच्चाराला हसतंय."

म्हणून यादी करायला घेतली. शब्द, अर्थ, उच्चार आणि शब्द सोपा की अवघड याची खूण, असे चार रकाने. वाटलं होतं, उन्हाळ्याच्या सुट्टीत होऊन जाईल. झाली नाही, आणि त्याचं कारण तो चौथा रकाना.

अर्थाचं काम सगळ्यात सोपं निघालं, कारण शब्दकोश बाजूला ठेवला. बालभारतीची मराठी आणि इंग्रजी माध्यमाची गणिताची पुस्तकं म्हणजे एकाच पुस्तकाची दोन रूपं. धडे तेच, आकृत्या त्याच, उदाहरणंही बहुतेक तीच. दोन्ही पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. ती शेजारीशेजारी उघडायची आणि इंग्रजी शब्दासमोर मराठी पुस्तकातला शब्द लिहायचा, बस. न्युमरेटर म्हणजे अंश, डिनॉमिनेटर म्हणजे छेद, रेडियस म्हणजे त्रिज्या, रेशिओ म्हणजे गुणोत्तर. शब्दकोशात 'फॅक्टर'ला घटक असं सापडतं. ते चूक नाही, पण आईच्या कामाचं नाही. पुस्तकात तो अंकगणितात विभाजक असतो आणि बीजगणितात अवयव. 'प्रॉडक्ट'चा अर्थ कोशात उत्पादन, पुस्तकात गुणाकार. 'कॉर्ड' कोशात शोधलं तर संगीतात जाऊन पडाल, वर्तुळात ती जीवा.

आणि एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात दिसली. अंश-छेद म्हटल्यावर त्या बायकांचे चेहरे खुलले. "हे तर येतंय की!" लसावि-मसावि, सरळव्याज, मुद्दल, काटकोन, समद्विभुज, सगळं कुठेतरी तळाशी होतं. या बायकांना गणित येत नव्हतं असं नव्हतंच. गणिताची नावं बदलली होती.

आता तो चौथा रकाना, म्हणजे शब्दांच्या सोप्या-अवघडाच्या पायऱ्या. यासाठी जगात तयार व्यवस्था आहे. युरोप परिषदेने २००१ साली भाषा शिकणाऱ्यांच्या सहा पायऱ्या ठरवून दिल्या: ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. ऑक्सफर्डची तीन हजार शब्दांची यादी याच पायऱ्यांवर बसवलेली आहे, ए-वनपासून बी-टूपर्यंत. ती मी छापून घेतली आणि आमच्या शब्दांना पायऱ्या लावायला बसले. तेव्हा लक्षात आलं की ही शिडी आमच्या भिंतीला टेकत नाही.

लोन, कमिटी, इन्शुरन्स हे तिथे बी-टू, म्हणजे चौथ्या पायरीवरचे शब्द. आमच्या दूध केंद्रावरच्या बाईला हे तिन्ही शब्द रोज तोंडात. लोन तिने स्वतः काढलंय, कमिटीशी तिचं भांडण चालू आहे आणि म्हशीचा इन्शुरन्स उतरवलाय. उलट 'गेट', म्हणजे मिळणे-होणे-पोचणे वगैरे सतरा अर्थांचा तो छोटा शब्द, तिथे पहिल्या पायरीवर. आमच्याकडे त्याच्यावर सगळ्या अडखळल्या. गणिताच्या पुस्तकात 'वुई गेट' असं दर पानावर येतं, आणि मराठी पुस्तकात त्या जागी फक्त '∴' ची खूण नाहीतर 'म्हणून' असतं.

हे त्या यादीचं वैगुण्य नव्हे. ती यादी शब्द किती वेळा वापरात येतो हे बघते आणि शिकणाऱ्याला तो किती उपयोगाचा हे बघते. मराठी घरात कोणता इंग्रजी शब्द आधीच येऊन बसलाय हे तिला कुठून कळणार? या विषयाचं वाचताना मायकेल वेस्ट या इंग्रज माणसाची गाठ पडली. १९२०च्या दशकात तो ढाक्याला शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात होता. बंगाली मुलांना इंग्रजी निदान वाचता तरी यावं म्हणून मोजके, पुन्हापुन्हा येणारे शब्द वापरून पुस्तकं करायची, हा त्याचा ध्यास. पुढे १९५३ साली त्याची सुमारे दोन हजार शब्दांची यादी निघाली. तिच्यात मला भावलं ते असं की शब्दाचे वेगवेगळे अर्थ सुटे करून कोणता अर्थ शेकडा किती वेळा येतो, तेही दिलेलं आहे. शब्द मोजणं निराळं आणि अर्थ मोजणं निराळं हे त्याला कळलं होतं. आमच्या खोलीत मला नेमकं हेच रोज दिसत होतं.

उदाहरणार्थ 'एरिया'. उच्चार सगळ्यांना येतो, "आमच्या एरियात पाणी नाही" हे रोजचं वाक्य. पण 'फाइंड द एरिया' म्हटल्यावर त्यातली एक म्हणाली, "कोणाचा एरिया शोधायचा?" क्षेत्रफळ हा अर्थ तिला नवा होता. 'व्हॉल्यूम' टीव्हीचा माहीत, घनफळ माहीत नाही. 'टेबल' म्हणजे पाढा, 'सोल्यूशन' म्हणजे विज्ञानात द्रावण, 'मीन' म्हणजे सरासरी. आणि 'मॅटर'! विज्ञानाचा धडा 'मॅटर' म्हणजे द्रव्य यावर, आणि आपल्याकडे मॅटर म्हणजे भानगड. "पोलिसात मॅटर गेलं" या अर्थाने शब्द ओळखणाऱ्या बाईला 'मॅटर ऑक्युपाइज स्पेस' समजावून सांगताना वर्गात जो हशा झाला, त्यानंतर तो शब्द कोणी विसरलं नाही.

ओळखीचा शब्द अनोळखी अर्थाने आला की तो अगदी नव्या शब्दापेक्षा जास्त फसवतो, असं माझं मत झालं. आयसॉसलीज, म्हणजे समद्विभुज, दिसला की बाई थांबते, विचारते. एरिया दिसला की थांबत नाही, पुढे जाते आणि चुकते.

म्हणून सोपा, मध्यम, अवघड अशी एकच खूण मी काढून टाकली. एकाच शब्दाला तीन खुणा केल्या: अर्थाची, उच्चाराची, स्पेलिंगची. प्रत्येक रकान्यात एक टिंब, दोन टिंबं किंवा काहीच नाही. एरियाला अर्थात दोन टिंबं, उच्चारात शून्य. न्युमरेटरला अर्थात शून्य, उच्चारात एक. आयसॉसलीजला अर्थात काही नाही, कारण समद्विभुज सगळ्यांना आठवत होता, पण उच्चारात आणि स्पेलिंगमध्ये दोन-दोन. या एका बदलाने यादीतलं भय निम्मं उतरलं. शब्द अवघड आहे असं म्हटलं की बाई खचते. शब्दाचं फक्त स्पेलिंग अवघड आहे म्हटलं की ती म्हणते, मग ते पोरगं पाठ करेल, मला काय.

स्पेलिंगवर मी फार वेळ घालवला नाही. न बोलणारी अक्षरं लाल शाईने घोटली: डायफ्रॅममधलं जी, मसलमधलं सी, कॉर्डमधलं एच. एट, वेट आणि हाइट हे तिन्ही एकमेकांशेजारी लिहिले, कारण तिघांच्या शेवटी तीच पाच अक्षरं, ई-आय-जी-एच-टी, आणि तिसरा पहिल्या दोघांशी बोलायला तयार नाही. याचं कारण विचारलं तर मी म्हणायचे, इंग्रजांना विचारा.

खरा घोळ उच्चारात. उच्चार देवनागरीत लिहायचा हे सुरुवातीपासून पक्कं होतं. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी मी एकदा फळ्यावर काढून बघितली, तिच्यातला उलटा ई बघून शिवणकामवाली म्हणाली, "बाई, हे आणि एक नवीन शिकायचं का?" तिचं बरोबर होतं. गंमत म्हणजे तो उलटा ई म्हणजे जवळजवळ आपला अ. इंग्रजीत सगळ्यात जास्त वेळा येणारा स्वर, आणि त्याला त्यांच्या सव्वीस अक्षरांत स्वतःचं अक्षर नाही. आपल्याकडे बाराखडीची सुरुवातच त्याने.

देवनागरी बऱ्याच ठिकाणी छान चालते. ॲ आणि ऑ आपण इंग्रजीसाठीच घेतले, आता ते वर्णमालेतही आहेत. इंग्रजीतल्या दोन वेगळ्या व-ना आपण व्हॉल्यूम आणि वर्क असं वेगळं लिहितोच. मराठी माणसाने कधीतरी ही सोय करून ठेवली आणि तिचं श्रेय घेतलं नाही. पण काही ठिकाणी लिपी उघडी पडते. 'गेट' म्हणजे मिळणे आणि 'गेट' म्हणजे फाटक, दोन्ही आपण सारखंच लिहितो. 'वेट' म्हणजे ओलं आणि 'वेट' म्हणजे वजन, तेही. इंग्रजीत पहिल्याचा ए आखूड आणि दुसऱ्याचा लांबवून इ-कडे वळलेला. मी फाटकाला 'गेइट' आणि वजनाला 'वेइट' लिहायला लागले. दिसायला विचित्र, वाचल्यावर दोन दिवस थट्टा झाली, मग सवय झाली.

दुसरी अडचण ज-ची. धारकतेच्या उदाहरणात जग येतो, पाण्याचा. 'जग' असं लिहिलं की वाचणारीने कोणता ज म्हणायचा? जगातला की जेवणातला? मराठी जिभेला दोन्ही येतात, लिपीत मात्र एकच अक्षर. वर्गात एकीने तो इंग्रजी शब्द अगदी 'जग जिंकणे'मधल्या जगासारखा वाचला. शेवटी मी जेवणातल्या ज-साठी अक्षराखाली एक रेघ ओढायचं ठरवलं.

तिसरी अडचण मेजर. आर्कचं माप म्हणजे 'मेझर ऑफ आर्क', आणि विशालकंस म्हणजे 'मेजर आर्क'. आपल्या बहुतेक वर्गांत दोन्ही 'मेजर'च म्हटले जातात. वर्तुळाच्या धड्यात हे दोन एकाच पानावर भेटतात आणि पोरगं ऐकून लिहीत असेल तर गोंधळ ठरलेला. इथे मी झ-वर अडून बसले. बाकी ठिकाणी एवढी अडले नाही, त्याचं कारण सांगते.

कोशातला उच्चार आणि शाळेतला उच्चार वेगळा असला तर यादीत कोणता लिहायचा? कर्णाला कोश म्हणतो हायपॉटन्यूज, जोर पॉ-वर. शाळेत पोरं ऐकतात हायपोटेनस. अन्ननलिकेला कोश म्हणतो इसॉफगस, शाळेत इसोफेगस. मी कोशाचा लिहिला आणि आईने तसा म्हटला तर पोरगं म्हणणार, "आमचे सर असं नाही म्हणत." आणि पाचवी-सहावीतल्या पोराच्या दृष्टीने सरांपुढे कोशही काही नसतो. ज्या आईला आधीच पोर हसतंय तिला मी आणखी एका वादात कशाला ढकलू? म्हणून नियम केला: दोन्ही उच्चार लिहायचे, कोशातला वर, शाळेतला खाली, आणि शाळेतला म्हटला तरी चालेल असं तोंडी सांगायचं. अडायचं फक्त तिथे, जिथे शाळेतल्या उच्चाराने दोन शब्द एक होतात. म्हणून मेझरवर अडले, हायपोटेनस सोडून दिला. माझी एक जुनी सहकारी, इंग्रजीची शिक्षिका, यावर नाराज आहे. तिच्या मते चुकीचा उच्चार कागदावर आला की तो कायमचा झाला. असेल. पण ती रोज रात्री नऊ वाजता त्या पोराच्या समोर बसत नाही.

जोर कुठे द्यायचा हे मात्र सगळ्या शब्दांना दाखवलं. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत एक अक्षर पुढे येतं आणि बाकीची मागे दबतात. सर-कम-फ-रन्स असं तोडून लिहायचं आणि 'कम' जाड करायचं. पर-पन-डिक्-यु-लरमध्ये 'डिक्' जाड. फो-टो-सिन-थ-सिसमध्ये 'सिन'. तोडून लिहिल्याचा भलताच फायदा झाला. लांबलचक जोडाक्षरांना घाबरणाऱ्या सातवी झालेल्या बाईने फोटोसिंथेसिस पहिल्या झटक्यात वाचला, आणि घरी जाऊन पोराला वाचून दाखवला.

एवढं सगळं होऊनही शाब्दिक उदाहरणं सुटेनात. शब्द सगळे यादीत, अर्थ ठाऊक, तरी वाक्य कळेना. दोन-तीन संध्याकाळी आम्ही नुसती वाक्यंच वाचली तेव्हा कुठे अडतंय ते दिसलं: 'ऑफ', 'बाय', 'दॅन', 'ईच' या किरकोळ शब्दांवर. '८० चे शेकडा २५' हे इंग्रजीत 'ट्वेंटी फाइव्ह पर्सेंट ऑफ एटी'. त्यातला ऑफ म्हणजे गुणा, हे कोणत्या यादीत लिहिलेलं असतं? 'बाय' तर कधी भागिले, कधी गुणिले: 'डिव्हाइड बाय फोर' आणि 'मल्टिप्लाय बाय फोर', दोन्हीत बाय. सगळ्यात वाईट 'फाइव्ह लेस दॅन एक्स'. मराठीत आपण म्हणतो 'क्ष पेक्षा ५ ने कमी', आणि ज्या क्रमाने बोलतो त्याच क्रमाने लिहितो, क्ष − ५. इंग्रजी वाक्य शब्दामागून शब्द लिहीत गेलं तर होतं ५ − क्ष. पोरं तसंच लिहितात आणि आईला कळत नाही की चुकलं कुठे, कारण वजाबाकी तर बरोबर केलेली असते.

याला शब्दाची यादी पुरेना. मग यादीच्या मागे वेगळी पानं जोडली, त्यात शब्द नाहीत, तुकडे आहेत. डावीकडे इंग्रजी तुकडा देवनागरीत, मध्ये मराठीतलं आपलं वाक्य, उजवीकडे गणिताची खूण. 'हाउ मेनी मोर' – कितीने जास्त – वजा. 'ईच' – प्रत्येकी – बहुधा गुणा किंवा भागा, वाक्य बघून. 'ऑल टुगेदर' – सगळे मिळून – अधिक. या पानांना पायऱ्या लावल्याच नाहीत. आज मला विचाराल तर पूर्ण यादीपेक्षा ही मागची पानं जास्त हाताळली गेलीत. कोपरे तिथलेच दुमडलेत.

यादी जवळजवळ झाली असं वाटत असताना एक नवी बाई आली. माहेर निपाणीकडचं, शाळा कन्नड माध्यमातून. तिला मराठी बोलायला उत्तम येतं, पण अंश, छेद, त्रिज्या यातलं काहीही तिने कधी ऐकलं नव्हतं. माझ्या यादीत अर्थाच्या रकान्यात जिथे जिथे 'काही नाही' होतं, तिथे तिच्यासाठी दोन टिंबं हवी होती. दुसरीकडे बी.कॉम. झालेलीला प्रिन्सिपल म्हणजे मुद्दल, इंटरेस्ट, रेट या तिन्ही शब्दांसमोर अर्थाचा रकाना कोरा हवा होता. म्हणजे अर्थाची टिंबं मी देणं हेच बरोबर नव्हतं. उच्चार आणि स्पेलिंग यांची टिंबं देता येतात, कारण त्यात इंग्रजी सगळ्यांना सारखंच छळतं. अर्थ जिचा तिचा.

मग नवीन प्रती काढताना अर्थाचा रकाना मोकळा ठेवला. प्रत्येकीने पेन्सिलीने आपली टिंबं आपण घालायची, शब्द बसला की खोडायची. निपाणीच्या बाईने आपल्या प्रतीत अर्थासमोर कन्नड शब्दही लिहून घेतले, ते बघून आणखी एकीने आपल्या गावाकडचे शब्द लिहिले. दोघींच्या प्रती आता माझ्या प्रतीपेक्षा बऱ्या आहेत. झेरॉक्स काढायला निपाणीवालीचीच मागितली जाते. तिच्याकडचं कन्नड कोणाला वाचता येत नाही, पण अक्षर सुंदर आहे.

यंदा काही जणींची मुलं आठवीत जातायत. तिथे जडत्व, घनता, चल राशी, बहुपदी असे शब्द येणार, आणि ते मराठीतही फारसे कोणाच्या तळाशी नाहीत. म्हणजे अंश-छेदाची युक्ती तिथे लागू पडणार नाही. आधी मराठी शब्द समजवावा लागेल आणि मग इंग्रजी. शिवाय एकीने सुचवलंय की दवाखान्यात आणि बँकेत लागणाऱ्या शब्दांचीही अशीच यादी करूया. त्यासाठी मी ती ऑक्सफर्डची छापलेली पानं पुन्हा काढलीत. त्या कामाला ती बरी पडतील असं वाटतंय, फक्त लोन आणि इन्शुरन्स आधी खोडून टाकावे लागतील.